तफीदाची म्हैस पान्हा सोडत नाही

आमच्या आज्जीचा, तफीदाचा, आत्मा तिसऱ्या दिवशी दुपारी घरातनं रीतसर निघून गेला. गावचे पाद्री अबूना सिद्राकांनी प्रार्थना म्हटली, खोल्याखोल्यांतनं पाणी शिंपडलं, दार उघडलं, झालं. आता हे ऐकलंत तसंच विसरा. इतकं सुरळीत काही घडलं नाही. आत्म्याला आज जाऊ द्यायचं नाही, असं आज्याचं ठाम मत होतं, आणि आजा खांद्यावर खोरं घेऊन दारात आडवा उभा होता.

"आज न्हाई जमायचं, अबूना. तिचं काम ऱ्हायलंय."

अबूनांचा काळा झगा ते बसून आले त्या गाढवाच्या खोगिराला अडकला होता, त्यामुळं ते आज्याला जरा घाईनं बोलले. "अम्म गत्तास, मेल्या मानसाचं कसलं काम? तीन दिस आत्मा घरात घुटमळतो, मग आपन त्याला वाटेला लावतो. रीत हाय ती."

"रीत मला ठावं हाय. म्हशीला ठावं न्हाई."

म्हैस म्हणजे वर्दा. तिचं रेडकू हिवाळ्यातच गेलं होतं, आणि आज्जीचा हात सोडून दुसऱ्या कुणाला ती पान्हा सोडत नव्हती. आज्जीला पुरून आलो तेव्हापासनं थेंब नाही. कास दगडासारखी झालेली, हात लावला की लाथ. त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास चाललेला. ईस्टरपर्यंत आमच्यात दूध कुणाच्या ओठाला लागायचं नव्हतं. उपासातलं सगळं दूध भिंतीपलीकडच्या उम्म हाशिमकडं जायचं, कारण मुसलमानांना तेव्हा उपास नसतो. म्हणजे आम्ही जे दूध पिणारच नव्हतो, त्याच्यासाठी एक आत्मा अडकून पडला होता.

"नावेतनं नवरी म्हनून आली तवापासनं तिनं एक काम अर्धं टाकलं न्हाई," आजा म्हणाला. "पुराचं पानी भट्टीला लागलं, तरी भाकरी भाजूनच माळ्यावर चढली. आठ पोरं झाली, तीन मातीत घातली. दर खेपेला सांजच्याला घास कापाया शेतात हजर. आयतवारी देवळात मिस्साला जायची ती बी शेन काडून, भाकरीचं पीठ फुगाया उनात ठिवून. आन तुमी तिला म्हैस तटतटलेली ठिवून भायेर काडताय? तिकडं जाऊन ती झुरंल. म्हैस पिळा, मग माझी बाई न्या."

अबूना उंबऱ्यावर बसले. यावर धर्मात काही सांगितलेलं नसावं.

मग आज्याच्या थोरल्यानं, वनीसकाकानं, म्हशीला फसवायला आज्जीचा काळा झगा चढवला. काका उसाच्या गाडीएवढा रुंद. झग्याची बाही कोपरापर्यंतच आली आणि काखेत उसवली. डोक्यावरनं तिची ओढणी घेतली, मिशा बाहेर राहिल्या. वर्दानं मान वळवली, त्याला नीट न्याहाळलं आणि बादली लाथेनं उकिरड्यावर घातली.

"तमाकूचा वास येतोय तुला, मुडद्या!" भिंतीवरनं उम्म हाशिम ओरडली. "आन मुक्यानं काय पिळतोस? ती म्हनायची ते म्हन की."

"काय म्हनायची?"

"किर्ये लेसोन! देवा, दया कर! तुमचंच हाय न्हवं? मला इचारतोय!"

काका नाताळाखेरीज देवळात जात नाही. त्यानं नाताळातल्यासारखंच ताणून म्हटलं. कबुतरखान्यातली सगळी कबुतरं उडाली. दूध काही आलं नाही.

"काड तो झगा, फाडशील," म्हणत उम्म हाशिम फाटकातनं आत आली. झगा घातला, बसली, म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि पुटपुटायला लागली.

"किर्ये लेसोन... नीट हुबी ऱ्हा, भवाने... किर्ये लेसोन... आई गं, कंबर... किर्ये..." मग जबडा निखळेल अशी लांबलचक जांभई. "...लेसोन."

अबूनांनी आभाळाकडं बघितलं. "दया काय, कुनीबी मागावी," ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले.

वर्दानं सुस्कारा टाकला आणि बादलीत धार वाजली.

काकाला हसू आवरेना. आजा मात्र हसला नाही.

"मधीच जांभई कशापायी दिलीस?"

"माझी न्हाई ती, तफीदाची हाय. तेवडं आल्याबिगर म्हैस सोडत न्हाई. भिंतीआडनं जनमभर ऐकत आले."

"दमायची व्हय ती?"

"न्हाई, नाचायची!" उम्म हाशिमचे हात थांबले नाहीत. "इचारनं बगा."

"मला कदी बोलली न्हाई."

"कवा बोलंल? तुमी झोपलेलं असायचा, वनीसच्या बा."

आज्यानं खोरं भिंतीला टेकवलं आणि दारातनं बाजूला झाला.

अबूनांनी प्रार्थना म्हटली. खोल्यांतनं पाणी शिंपडलं, भट्टीवर, गोठ्यावर, चुकून काकावरही. दार सताड उघडलं. बाहेर कापलेला ऊस, धूळ आणि ऊन.

आज्यानं डोक्यावरची टोपी काढली. पाटाच्या पाण्यासाठी कचेरीत साहेबापुढं उभा राहायचा तसा तो ताठ झाला, घसा खाकरला आणि वर बघून कचेरीतल्याच आवाजात बोलायला लागला.

"अर्जदार गत्तास, अदबीनं अर्ज करतो की, वर येत असलेल्या तफीदा नावाच्या बाईला तिथं म्हैस देऊ नये. भट्टी कुठं हाय ते दाखवू नये. कोनी संत पावना आला तर तिला कळवू नये. पैल्या कोंबड्याला उठवू नये. ती आपनहून उठली, तर परत निजवावी. आन अर्जदार तिकडं हजर होईल, तवा त्यानं आपला चहा आपन करून घ्यावा, असा हुकूम आजच निघावा, ही विनंती."