नुसती सोबत

सकाळी सकाळी स्टुलावर चढून ती पंख्याची पाती पुसत होती आणि खाली दादा स्टुलाचे पाय धरून उभा होता.

"मास्तर, उतर आता. मागच्याच आठवड्यात पुसलाय तो."

"कडेला धूळ आहे."

"कडेला रंग उडालाय. कितीही घासलंस तरी निघायचा नाही."

लहानपणी ती दादाला त्याचीच गणितं समजावून सांगायची, तेव्हापासून तो तिला मास्तर म्हणायचा. पुढे आईही म्हणू लागली. वहिनी घरात आली तीसुद्धा "मास्तर, चहा टाकू?" असंच विचारायला लागली. आज मात्र ते नाव घासातल्या खड्यासारखं दाताखाली आलं.

आदल्या संध्याकाळी पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा निकाल लागला होता. तिला पडलेल्या गुणांवर चांगल्या विद्यापीठाचं दार सोडाच, खिडकीसुद्धा उघडली नसती. तिच्या पाठोपाठ वहिनीने आपला निकाल पाहिला, फोन पटकन पालथा घातला आणि म्हणाली, "तुक्के लागले गं सगळे." पण आकडा दादाने पाहिला होता आणि त्याच्या तोंडून "अरे वा" निघूनही गेलं होतं. वहिनी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायची. परीक्षेला ती बसली ती हिच्यासाठी. एकटीने अभ्यास होत नाही, सोबत कर ना, म्हणून हीच तिच्या मागे लागली होती.

तेव्हापासून आई घरात कुणी आजारी असल्यासारखी हळू आवाजात बोलत होती. बायकोचं कौतुक करावं की बहिणीची समजूत काढावी हे दादाला कळत नव्हतं, म्हणून तो स्टूल धरून उभा होता.

कामावरही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचं द्रावण तिने भसकन सोडलं. जिथे फिका गुलाबी रंग यायचा तिथे भडक आला. शेजारच्या टेबलावरचे जुने सहकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, हात इथे आणि जीव कुठे?"

तिने नमुना पुन्हा घेतला. पुन्हा तेच झालं.

जीव होता परीक्षेतल्या तिसऱ्या प्रश्नात. सुटत नाही म्हणजे काय, या हट्टापायी ती त्या एका गणितावर अडून बसली होती, आणि वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा शेवटचे कितीतरी प्रश्न तिने वाचलेही नव्हते. जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवर पुढच्या परीक्षेची तारीख निवडली. मग खोडली. मग दुसरी निवडली, आणि तीही खोडली.

संध्याकाळी घरी येऊन तिने चपला काढल्या आणि लगेच पुन्हा घातल्या.

"आता कुठे?" आईने विचारलं.

"दूध आणते."

"दूध आहे की."

चपला काढून ती गॅलरीत गेली. वहिनी वाळलेले कपडे घड्या घालून ठेवत होती. तिने हिच्याकडे न बघताच विषय काढला.

"मी काही अर्जबिर्ज भरणार नाहीये हं. मला कुठे शिकायचंय? नुसती सोबत केली तुला. तू पुन्हा बस, मी पुन्हा सोबत करीन."

"अगं, पण एवढे गुण..."

"गुणांचं काय लोणचं घालायचंय?" वहिनी हसली आणि टॉवेल झटकून त्याची घडी घातली.

त्या संध्याकाळी मास्तरला सपाटून भूक लागली. तिने मागून मागून घेतलं. दादाच्या सुटलेल्या पोटावरून त्याची थट्टाही केली. आईचा आवाजसुद्धा नेहमीच्या पट्टीत आला.

"बघ, अन्न पोटात गेलं की माणूस कसं ताळ्यावर येतं."

ती हसली, वाढून घ्यायला हात पुढे केला, आणि हात तिथेच राहिला. सकाळपासून बदललं काय होतं? तिचे गुण तेवढेच होते. वहिनी अर्ज भरणार नव्हती, एवढीच एक गोष्ट नवीन होती. तिने समोर पाहिलं. वहिनी ताटातलं बोटांनी इकडचं तिकडे करत होती. हिने पुढे केलेला हात मागे घेतला.

जेवणं आटोपली. वहिनी टेबल पुसत असतानाच तिने सरावाचा कागद आणून ठेवला. तिसऱ्या प्रश्नाच्याच जातीचं गणित होतं त्यात, तिने अर्धवट सोडवलेलं.

"हे सोडवून दाखव."

"मला कुठे येतंय? तुक्के..."

"वहिनी. दाखव."

वहिनीने हात कोरडे केले आणि खुर्ची ओढून बसली. थोडा वेळ नुसती पेन्सिल चालली. मग तिने मास्तरने लिहिलेल्या एका ओळीवर पेन्सिलचं टोक टेकवलं.

"इथे चुकतेस. बरं, चुकलीस तर चुकलीस, पण इथेच ठाण मांडून बसतेस. कितीदा बघितलंय मी. आपण हुशार आहोत हे त्या गणिताला पटवून द्यायला निघतेस तू. सोडायचं आणि पुढे जायचं."

तिच्या आवाजात समजूत नव्हती, गोडवाही नव्हता. दारात उभा असलेला दादा हळूच आत निघून गेला. मास्तरचे कान तापले. या घरात तिला असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

वहिनीने पुन्हा सांगितलं. या खेपेला तिला कळलं. तिने पुढचं गणित स्वतः केलं, त्याच्या पुढचं अडलं ते सोडून दिलं, आणि सोडताना बोटं आवळली गेली तरी सोडलं.

"मुदत कधीपर्यंत आहे गं?" तिने विचारलं.

"पुन्हा परीक्षेला बसायची? आहे अजून महिनाभर."

"ती नाही. तुझ्या अर्जाची."

वहिनीची पेन्सिल थांबली. कागदावरची नजर तिने उचलली नाही, फोनलाही हात लावला नाही. तिने तारीख सांगितली, वारासकट.