विहीर सांगायची राहिली

विनीत परुळेकराने कळशी विहिरीत सोडली आणि ती बुडाल्याचा आवाज येताच दोर दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बरोबर असले की पाणी स्वतःच्या हाताने काढायचे, असा त्याचा नेम होता. त्याकरिता तांब्याचा एक पेला तो गाडीत सदैव चिंचेने घासून ठेवीत असे. पेला भरून त्याने नीरजाबाईंसमोर धरला.

“घ्या मॅडम. उद्यापासून हे पाणी तुमचंच.”

नीरजा टिपणीस ठाण्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याची सबब तपासावी तशा नजरेने त्यांनी आधी पेला पाहिला, मग विनीतला.

“कार्तिकातही पाजलंत. मी विसरले नाहीये.” त्यांनी दोन घोट घेतले. “तुमच्याआधी तीन एजंट पाहिले मी. तिघेही अट्टल खोटारडे. एकाने स्मशानाला लागून असलेला प्लॉट ‘शांत शेजार’ म्हणून दाखवला. तुम्ही निदान पाणी तरी पाजता.”

ही स्तुती की चपराक, हे विनीतला उमगले नाही. तो नुसता हसला. चौदा वर्षांच्या दलालीत हसण्याने त्याचे नुकसान कधी झाले नव्हते.

“रे, व्हाणो भायर!”

शेजारच्या पडवीतून आवाज आला. घराच्या एकाच कौलारू आढ्याखाली मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडे केलेली होती. अलीकडचा भाग डोंबिवलीच्या कौस्तुभचा, जो आता विकला जात होता. पलीकडे कौस्तुभचे चुलते भाई राहत. भाईंनी शहात्तरी ओलांडली होती, पण आवाजाला अद्याप म्हातारपण शिवले नव्हते.

“खळा कालच सारवलेला आसा. तुझ्या बापाशीचा ऑफिस न्हय ह्या. शिरा पडो तुझ्या तोंडार!”

विनीतने चपला काढून गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर ठेवल्या. सारवलेल्या अंगणाचा गारवा तळव्यांना लागला आणि मनातून एक घाणेरडी शिवी वर आली, ती त्याने गिळून टाकली. या म्हाताऱ्याने त्याला तीन वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या होत्या. चार गिऱ्हाइके कंटाळून निघून गेली होती. अखेरीस गेल्या गणपतीत भाईंनी विक्रीला संमती देणाऱ्या कागदावर सही केली, तीही विनीतच्या अंगावर पेन फेकून. हे घर आता विकले गेले नाही, तर शिमग्यानंतर स्वतःच्या कचेरीचे शटर उघडायचे कारण विनीतपाशी उरणार नव्हते.

“नेहमी असंच बोलतात?” नीरजाबाईंनी विचारले.

“मनाने चांगले आहेत. फणसासारखे.”

“फणस मला आवडत नाही.”

त्या पडवीच्या दिशेने एक पाऊल पुढे गेल्या. विनीत तत्काळ मध्ये आला आणि माजघरातले कोनाडे दाखविण्यासाठी त्यांना आत घेऊन गेला. गेले दोन महिने त्याचे खरे काम एवढेच होते: नीरजाबाई आणि भाई यांची एकांतात गाठ पडू द्यायची नाही.

कारण विहीर होती. श्रावणापासून शिमग्यापर्यंत तिचे पाणी नारळाच्या पाण्याशी स्पर्धा करी. शिमगा उलटला की मात्र खाडी जमिनीखालून हळूहळू सरकत येई, आणि वैशाखात त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. मग मृग लागेपर्यंत अवघ्या वाडीतल्या बायका डोंगरातली घाटी चढून देवळाच्या विहिरीवर हंडे घेऊन जात. नळाचे पाइप वाडीच्या तोंडापर्यंत आले होते आणि चार वर्षांपासून तिथेच आडवे पडून होते. विनीतची आई याच वाडीची माहेरवाशीण. उन्हाळ्याच्या सुट्टीत डोक्यावर चुंबळ ठेवून त्यानेही ती घाटी चढलेली होती. म्हणून हे घर तो श्रावण ते पौष एवढ्याच काळात दाखवी. एरवी कुणी फोन केला, तर मालक परगावी असत.

भाईंना त्याने गणपतीतच विनवून पाहिले होते. “भाईनू, बावीचा तेवढा बोलू नकात.” बाव म्हणजे हीच विहीर.

भाईंनी पानाची पिंक अचूक त्याच्या पायाजवळ टाकली होती. “माका कोणी इचारल्यान तर मी खोटा बोलूचंय नाय. आणि इचारल्यानच नाय, तर मी कित्याक सांगू? मी काय तुझो नोकर?”

वाडीचेही तेच. परक्या गिऱ्हाइकाशी बोलायला इथे कुणालाच गोडी नव्हती. नीरजाबाई रस्त्याने गेल्या की दारे अर्धी लोटली जात, आणि त्या पुढे गेल्या की पुन्हा उघडत. या वैराचा विनीतला उपयोगच झाला होता. कुणी सांगत नव्हते आणि कुणाला विचारायची सोय नव्हती.

नीरजाबाई माजघरातून परसदारी आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी माडांकडे पाहिले.

“ठाण्याच्या फ्लॅटची किल्ली काल देऊन टाकली,” त्या म्हणाल्या. आवाजात खेद नव्हता. हजेरी घ्यावी तशा म्हणाल्या. “ट्रक सकाळी निघालाय. यजमान गेल्यापासून चार घरांत राहिले मी, प्रत्येक ठिकाणी कुणाच्या ना कुणाच्या मर्जीने. आता कुणाच्या दारात पाण्याचा तांब्याही मागायचा नाही मला. म्हणून विहीर पाहूनच घर घेतलं.”

विनीतने रुमाल काढून कपाळ पुसले. डिसेंबर होता, घाम आलेला नव्हता.

चारच्या सुमारास वाडी जमू लागली. परसाच्या कोपऱ्यात सुरंगीच्या झाडाखाली शेंदूर न लावलेला एक उभा दगड होता. तो या जागेचा राखणदार. जागा दुसऱ्याच्या हाती जायची झाली, की आदल्या दिवशी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे, आणि देणाऱ्याने जागेतली एकूण एक वस्तू तिच्या गुणदोषांसकट त्याला सांगायची, अशी वाडीची रीत होती. प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. हे झाल्यावाचून नव्या माणसाचे सामान ट्रकमधून उतरवायला वाडीतला एकही खांदा पुढे येत नसे. शहरातल्या गिऱ्हाइकांना हा प्रकार भारी आवडतो, हे विनीतला अनुभवाने ठाऊक होते. देणाऱ्याच्या वतीने गाऱ्हाणे घरातला वडीलधारा घाली, म्हणजे इथे भाई. भाई शिव्या सोडल्या तर कुणाशी दोन शब्दांपलीकडे बोलत नसत. गाऱ्हाणेही थोडक्यात उरकतील, विहिरीचे नाव निघणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

दहाबारा माणसे आली, पण उभी राहिली ती अंतर राखून.

“रे विनीत,” होडीवरून तसाच आलेला देवेश म्हणाला, “वाडीचो फलक आता इंग्रजीत लावतलस मां?”

“समुद्र तेवढो इकूचो रवलो हा,” दुसरा म्हणाला.

“त्येचो पण सातबारो काढलेलो आसतलो मेल्यान!”

हशा उठला, त्यात गोडवा नव्हता. शेवंती म्हातारी मात्र हसली नाही. ती दगडासमोर उकिडवी बसून पानाचा विडा मांडत होती. विनीतही सर्वांबरोबर हसला आणि भाईंच्या हाती नारळ देऊ लागला.

भाईंनी हात पाठीमागे घेतले.

“उद्या कचेरीत सही कोण करतलो?”

“कौस्तुभाचा मुखत्यारपत्र माझ्याकडे आसा, भाईनू. त्येका रजा नाय. म्हणान मीच—”

“मगे देणारो कोण?”

विनीतने पुढे केलेला नारळ मागे घेतला.

“कागदार तू, तर देवाकडे पण तूच. गाऱ्हाणा तू घाल.”

“भाईनू, तुमी वडील. माका काय येता?”

“तुझ्या आवशीचो बापूस, तुझो आजो, अख्ख्या वाडीचा गाऱ्हाणा ह्याच दगडासमोर घाली. तुझ्या रगतात आसा ता. घाल.” भाई मागे सरले आणि इतरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

मुखत्यारपत्र विनीतने स्वतःच मागून घेतले होते, मालकाची खेप वाचावी आणि व्यवहार आपल्या मुठीत राहावा म्हणून. त्या कागदाची ही बाजू त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याने नारळ दगडापुढे ठेवला आणि हात जोडले. नीरजाबाई त्याच्या उजव्या हाताला उभ्या होत्या. पेला अजून त्यांच्याच हातात होता.

“बा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वाडी गरजली. नीरजाबाई दचकल्या.

“आज ह्यो जागो कौस्तुभाच्या हातातसून ह्या बायच्या हातात जाता, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज आपसूक आजोबांच्या पट्टीत लागला, याचे विनीतला नवल वाटले. “घर आसा म्हाराजा. वासे सागाचे आसत, पण उत्तरेच्या कोन्यात पावसात गळता, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या खेपेस नीरजाबाईही म्हणाल्या. गळतीचे त्यांना नव्याने कळत होते, तरी त्यांनी विनीतकडे पाहिले ते रागाने नव्हे. या दोन महिन्यांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावरची मुख्याध्यापिका थोडी बाजूला झाली होती.

ते पाहून विनीतला चेव आला. लहान खोट उघड सांगितली, की मोठीकडे कुणाचे लक्ष जात नाही, हे त्याच्या धंद्याचे जुने सूत्र होते. “माड अकरा आसत म्हाराजा, त्यातले दोन वांझ आसत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“पाठीमागच्या गडग्यात फुरशी आसत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सापाचे नाव ऐकून नीरजाबाईंनी पाय किंचित जवळ घेतले, परंतु होकार त्यांनी सर्वांत स्पष्ट दिला.

फणस झाला. न्हाणीघर झाले. वाटेचा हक्क झाला. विनीतने श्वास घेतला आणि शेवटच्या वाक्यासाठी हात अधिक वर नेले.

“बाव रवली, झिला,” शेवंती म्हातारी मान वर न करता म्हणाली.

तिच्या बोलण्यात कावा नव्हता. रीतीतले एक पान मांडायचे राहिले, एवढेच तिने दाखवून दिले होते. विनीतने रांगेकडे पाहिले. भाई विनीतकडे नव्हे, दगडाकडे पाहत होते.

घाबरण्याचे कारणच काय? गाऱ्हाणे तो घालीत होता. वाडीचे काम ‘व्हय’ म्हणायचे.

“बाव आसा म्हाराजा,” तो म्हणाला. “बावीक बारा म्हयने गोडा पाणी आसा, म्हाराजा!”

कुणी बोलले नाही.

देवेशने नजर खाली घातली. शेवंतीचा विड्यावरचा हात थांबला. आताच टोमणे मारणारी, ज्यांना या घराशी, या बाईशी काही देणेघेणे नव्हते, अशी ती दहाबारा तोंडे मिटलेली राहिली. माणसांपुढे ती इतके दिवस गप्प बसली होती, आणि पुढेही बसली असती. पण दगडापुढे खोट्याला होकार भरायला त्यांतला एकही तयार नव्हता.

“व्हय म्हाराजा,” नीरजाबाई एकट्याच म्हणाल्या.

तो आवाज सुरंगीखाली एकटाच राहिला. सभेत चुकून एकट्यानेच टाळी वाजवावी, तशा त्या गोंधळून इकडेतिकडे पाहू लागल्या. आपण काही चुकलो का, असे त्यांच्या डोळ्यांत होते. आणि हे विचारण्यासाठी त्यांनी पाहिले ते विनीतकडेच. सगळ्या वाडीत त्यांच्या ओळखीचा दुसरा होता कोण?

विनीतचे जोडलेले हात तसेच होते. नारळ फुटायचा बाकी होता. हसून ही वेळ निभावून नेता येईल का, हे त्याने अजमावून पाहिले. ओठ हलले नाहीत. मानेवर, जिथे लहानपणी हंड्याचा भार उतरत असे तिथे, काहीतरी आखडून आले.

त्याने डोळे मिटले.

“बावीचा पाणी शिमग्यापर्यंत गोडा, म्हाराजा,” तो म्हणाला. आवाज आजोबांचा नव्हता, कुणाचाच नव्हता. “मगे खारा जाता. चैत-वैशाखात डाळ शिजणा नाय. घाटी चढान देवळाकडसून हाडूचा लागता, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

साऱ्या वाडीचा आवाज एकदम उठला, मघापेक्षा मोठा. त्यात भाईंचा होता, देवेशचा होता, शेवंतीचा थरथरता सूरही होता. विनीत डोळे न उघडता, कान देऊन, उजव्या बाजूचा, नीरजाबाईंचा आवाज शोधीत राहिला.