कागदावर शून्य असलेली भट्टी

मित्रांनो, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात, मागच्या शेडच्या कोपऱ्यात उभी असलेली विजेची भट्टी म्हणजे मी. वयानं म्हातारी, स्वभावानं तापट. बोलताना आवाज चढला तर सांभाळून घ्या. गेले काही दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही.

विमान धावपट्टीवर उतरतं, तेव्हा त्याचा सगळा भार चाकांवर येतो. त्या चाकांच्या जोडणीतल्या पोलादी पिना माझ्या पोटात तापून कणखर होतात. लष्करी विमानांच्यासुद्धा! असल्या कामाला कुठलीही भट्टी चालत नाही. माझ्या पोटात सगळीकडं सारखी धग राहते का, हे विमान कंपनीचा तपासनीस बघतो आणि मगच मान्यता देतो. ती मान्यता माझ्या एकटीची. मला जागेवरून हलवलं, तर सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.

श्रीशैल मालकांनी मला आणलं, तेव्हा हार घातला होता, पेढे वाटले होते. मुरगूडचा केरबा तेव्हापासून माझ्यापाशी आहे. माझ्या दाराच्या कडेची न जळणारी दोरी झिजली की तो नवी बसवतो, म्हणजे धग बाहेर पळत नाही. पुढं संगणकावर चालणारी चकचकीत यंत्रं आली. पावणं आलं की मालक त्यांना तिकडंच न्यायचे. माझ्या डोक्यावर मात्र कामगार जेवणाचे डबे ठेवायचे. डबे गरम राहायचे, तेवढंच काय ते माझं कौतुक.

मालकांची साठी उलटली आणि कारखाना विकायचं ठरलं. पुण्याची एक कंपनी घ्यायला तयार झाली. किंमत ठरवायला त्यांचा माणूस येणार म्हटल्यावर मालकांची झोप उडाली. डोक्यावर कर्ज दिसलं तर भाव पडेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग काय, काहीतरी विकून कर्ज उतरवायचं! हिशेबाच्या कागदावर माझी किंमत दरवर्षी थोडी थोडी वजा होत, घसाऱ्यानं शून्य झालेली. नजर नेमकी माझ्यावरच पडली की!

शनिवारी सकाळी भंगारवाला आला. माझी वायर तोडली, पायाचे बोल्ट काढले, वरून उचलायची साखळी अडकवली.

"मालक, कुठं न्हेताय हिला?" केरबानं विचारलं.

"जागा मोकळी कराय लागलोय," मालक म्हणाले.

माझा एक पाय जमिनीवरून उचलला गेला. तुम्हाला खोटं वाटेल, पण लोखंडालाही भीती वाटते हो. तेवढ्यात सुष्मिता आली. ती मालकांची मुलगी, कारखान्याचे हिशेब तीच बघते.

"अप्पा, साखळी सोडाय सांगा."

"अगं, कर्ज तेवढं तरी फिटंल की."

"अप्पा, पुण्याचे लोक नुसता तुमचा हिस्सा मोजत न्हाईत. अख्ख्या धंद्याचं मोल काढत्यात. एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणत्यात त्याला. चालतं दुकान घेतलं तर मालकाला पैसे द्यावे लागत्यात, वर दुकानाचं कर्जबी घेणाऱ्याच्या गळ्यात येतं. गल्ल्यातली रोकड मात्र त्याच्या हाताला लागती. म्हणून हिश्श्याच्या किमतीत कर्ज जोडायचं आणि रोकड वजा करायची, की धंद्याचं मोल निघतं."

"मग कर्ज कमी झालं तर माझा हिस्सा वाढंलच की."

"दुकान तसंच चालत राहिलं तर वाढंल. पण धंद्याचं मोल पुढच्या कमाईवर ठरतं, आणि आपली निम्मी कमाई पिनांची हाय. दुसऱ्या भट्टीला मान्यता मिळूस्तोवर वर्ष जाईल. तवर ऑर्डरी थांबतील व्हय? भंगारानं कर्ज चिमूटभर उतरंल, पण मोल निम्म्यावर येईल. राहिलेलं कर्ज त्यातनंच जाणार. मग तुमच्या हाताला काय लागणार?"

मालक तिथंच एका पेटीवर बसले. भंगारवाल्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

माझा पाय खाली टेकला, पण मी हलले होते. केरबा हळूच म्हणाला, "कुणाला कळतंय? गुमान बोल्ट आवळतो."

"विमान हाय ते, केरबामामा. कळवायलाच पाहिजे," सुष्मिता म्हणाली. तिनं तपासनिसाला कळवलं. पुण्याच्या पावण्यालाही खरं काय ते सांगून थोडं थांबायची विनंती केली.

तपासणीच्या दिवशी माझी वायर पुन्हा जोडली आणि माझ्या पोटात कोपऱ्याकोपऱ्यात उष्णता मोजायच्या तारा सोडल्या. मी तापू लागले. बाकी सगळं ठीक, पण मागचा डावा कोपरा काही केल्या तापेना! मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बाहेर मालक येरझाऱ्या घालत होते. केरबानं दोरी नवी बसवली होती, धग जराही बाहेर जात नव्हती. हळूहळू तो कोपराही तापला. तपासनिसानं आकडे पुन्हा बघितले आणि मान डोलावली. मालकांनी माझ्या अंगावर हात ठेवला, आणि पोळल्यामुळं चटकन मागं घेतला. मला फार बरं वाटलं.

मग पुण्याचे पावणे आले, हिशेब झाला आणि रास्त भावात सौदा ठरला. नवे मालक परवा ताबा घेणार आहेत. त्यांच्याही कागदावर मी शून्यच असणार. सुष्मिता इथं नसेल आणि केरबा दिवाळीनंतर घरी बसणार. माझं काय होईल, या विचारानं मी थंड पडूनही आतून भाजते.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कशाकशाचे मालक व्हाल. एखादी जुनी वस्तू काढून टाकण्याआधी एवढंच विचारा, की हिच्यावर काय उभं आहे? पण लवकर विचारा. मला मान्यता मिळायला वर्ष लागलं होतं. उचलायला एक सकाळ पुरते.