साहेबांच्या लॉनवरची जळकी पावलं

रविवारी सकाळी साहेबांच्या लॉनवर पावलं उमटली आणि दुपारच्या आत अख्खी गल्ली तिथे लोटली. ज्यांना सख्ख्या भावाच्या घरी जायला वर्षभर सवड होत नाही, तेसुद्धा चपला काढून, डोक्यावर रुमाल टाकून उभे होते.

पावलं मात्र खरंच बघण्यासारखी होती. हिरव्यागार गवतात पिवळीजर्द, करपलेली, माणसाच्या पायाएवढी. शेजारच्या बाईंच्या हद्दीपासून ती सुरू होत होती आणि थेट साहेबांच्या पायरीपर्यंत येत होती. सगळी येणारी. परत जाणारं एकही नाही.

"म्हणजे जे आलंय ते अजून घरातच आहे!" कोणीतरी म्हणालं. साहेबांच्या बायकोने, म्हणजे गल्लीच्या वहिनींनी, दारातूनच घाबरून मागे पाहिलं. आत फक्त साहेब होते.

"असल्या गोष्टींना विमा लागू होत नाही हं," गल्लीतल्या विमा एजंटने न विचारता सांगून टाकलं.

साहेब म्हणजे निवृत्त अधिकारी. ऑफिस सुटलं तरी हाताखाली कोणीतरी लागतंच, म्हणून त्यांनी गवत हाताखाली घेतलं होतं. रोज कापायचं, रोज पाणी, एखादी काडी वर आली तर तिला जागच्या जागी बडतर्फ करायचं. गल्लीत दोन घरांमध्ये कुंपण घालायचं नाही असा नियम होता; मध्ये फक्त विटांची एक ओळ. त्या ओळीच्या पलीकडे बाई राहायच्या, आणि बाईंच्या अंगणात तण माजलेलं असायचं. आंबुशी, घोळ आणि नाव नसलेलं बरंच काही. वाळलेल्या फुलांतून कापसासारख्या म्हाताऱ्या उडायच्या आणि वाऱ्याबरोबर साहेबांच्या लॉनवर उतरायच्या.

"बाई, तुमचं तण माझ्या हद्दीत येतं!"

"साहेब, वाऱ्याला मी काय सांगू? तुम्हीच एक मेमो काढा."

असं दोन वर्षं चाललं होतं. त्यामुळे पावलं बाईंच्या हद्दीतून निघाली म्हटल्यावर लोकांना आश्चर्य वाटलं, पण फार नाही.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. घर भाड्याचं. घरात दुसरं माणूस एकच, त्यांचे वडील अण्णा. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून करून अण्णांचे डोळे गेले होते, आता फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. जीभ मात्र शाबूत होती. त्यांना त्या घराची भिंत न् भिंत हाताला पाठ झाली होती. स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा चहा स्वतः करायचे. या वयात नव्या घरात नेलं असतं तर चहाच्या कपासाठीसुद्धा हाक मारत बसले असते, आणि हाक मारणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

संध्याकाळी साहेबांचे मेहुणे एका महाराजांना घेऊन आले. लाँड्रीच्या वरच्या खोलीत या महाराजांचं केंद्र होतं. पांढरा झब्बा, पांढरी दाढी, पांढरे रबरी बूट. त्यांनी गवताला कान लावला आणि बराच वेळ मान डोलावली.

"भूमी बोलते आहे," ते म्हणाले.

"काय म्हणते?" वहिनींनी घाबरत विचारलं.

"ते सर्वांसमोर सांगण्यासारखं नाही." महाराज उठले, गुडघ्याची माती झटकली. "पण एवढं पाहा. हद्दीपाशी पाऊल किती ठळक आहे! आणि पायरीपाशी किती पुसट! का? तर साहेबांची पुण्याई! दुष्ट शक्ती त्या घरातून निघाली आणि या घराजवळ येता येता क्षीण झाली."

साहेबांना आपली पुण्याई नव्यानेच कळली. त्यांनी छाती थोडी पुढे काढली.

"त्या घरात कोण राहतं?" महाराजांनी विचारलं. जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं! बाईंचे घरमालक त्यांचे पक्के भक्त होते आणि ते तळमजल्याचं, अंगण असलेलं, रस्त्याला लागून असलेलं घर केंद्रासाठी उत्तम आहे असं महाराज महिनाभर त्यांच्या कानात सांगत होते.

दुसऱ्या दिवशी महाराज परीक्षा घ्यायला आले. बाईंनी विरोध केला नाही. विरोध केला असता तर 'बघा, घाबरली' असं झालं असतं. महाराजांनी प्लास्टिकचा टब मागवला, हातात रबरी मोजे चढवले, एका कॅनमधून अभिमंत्रित जल ओतलं, बुटांसकट त्यात उभे राहिले आणि मग डोळे मिटून बाईंच्या अंगणातल्या उरल्यासुरल्या गवतावरून दारापर्यंत चालत गेले.

"भूमी निर्दोष असेल तर हिरवी राहील. दोषी असेल तर पुढच्या पंधरवड्यात जळेल. मग या घराची शांती करावी लागेल आणि ते रिकामं करावं लागेल."

"आणि हिरवी राहिली तर महाराज केंद्र रिकामं करणार का?" दारातून अण्णांनी विचारलं.

"आजोबा, श्रद्धा ठेवा."

"ठेवली असती हो, पण डोळे गेल्यापासून कुठे ठेवलेली वस्तू सापडत नाही."

लोक हसले, पण थोडेच. त्या संध्याकाळी बाईंकडे शिकवणीला येणारी सहाच्या सहा मुलं आली नाहीत. ज्या मुलीला बाईंनी अपूर्णांकांच्या खड्ड्यातून हाताला धरून वर काढलं होतं, तिची आई रस्त्याच्या पलीकडून गेली. घरमालकांचा फोन आला, "गल्लीचं म्हणणं पडलं तर बाई, माझा नाइलाज आहे." बाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

राग आला की बाई फरशी पुसत. तेवढ्यात अण्णा आंघोळ करून बाहेर आले.

"अण्णा, पाय पुसा! आत्ता पुसलंय मी!"

"पुसतो, पुसतो," असं म्हणत अण्णा न पुसता खुर्चीपर्यंत गेले, नेहमीसारखे.

बाई फडकं घेऊन खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या. न्हाणीघराच्या दाराशी पाऊल ठसठशीत, बोटं मोजता येतील इतकं. पुढचं जरा फिकट. खुर्चीपाशी नुसता एक ओला ठिपका. पाणी संपत जातं तसं पाऊल पुसट होत जातं, त्याला पुण्याई लागत नाही. शिवाय सगळी पावलं येणारी, जाणारं एकही नाही. कारण आत जाताना अण्णांचे पाय कोरडे होते.

"अण्णा," बाई म्हणाल्या, "तुम्ही थोर आहात."

"हे तुला फरशी पुसताना कळलं?"

बाई तडक अंगणात गेल्या. विटांच्या ओळीला लागून त्यांच्या बाजूचं तणही करपलं होतं. काल गर्दीत कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं; पाहिलं असतं तर महाराजांनी त्याचंही काहीतरी करून ठेवलं असतं. तो करपलेला पट्टा हातभर रुंद आणि अगदी सरळ होता. बाईंनी जन्मभर मुलांना सांगितलं होतं की हाताने रेघ सरळ येत नाही, पट्टी लावा. शाप कधी पट्टी लावून येतो का? विटांच्या ओळीवरून फवाऱ्याची नळी फिरवत गेलं की मात्र असाच पट्टा येतो.

आणि ते मोजे! केंद्रात तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर उघडा हात ठेवणारे महाराज स्वतःच्याच तीर्थाला हात लावताना मोजे घालतात?

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बाई बी-बियाणांच्या दुकानात शिरल्या आणि तणाच्या औषधाची बाटली मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"हे चालेल, पण आधीच सांगतो," दुकानदार वैतागून म्हणाला, "लगेच काही दिसत नाही. तुमच्या गल्लीतले एक साहेब नेऊन चार दिवसांत भांडायला आले, नकली माल विकतोस म्हणून. अहो, बाटलीवर छापलंय, आठ-दहा दिवस लागतात! वाचतंय कोण?"

बाईंनी मात्र तिथेच उभं राहून सगळं वाचलं. रबरी मोजे घालावे. ओल्या जागेवरून चालू नये. जे गवत हवं आहे त्याला लागू देऊ नये. वाचता वाचता त्यांना इतकं हसू आलं की दुकानदाराला वाटलं, हे गिऱ्हाईकही भांडणार.

पहाटे उजाडायच्या आधी बाई मोजे घालून, जुना रंगाचा ब्रश घेऊन अंगणात बसल्या. अण्णा दारात उभे राहिले.

"कसला वास येतोय? काय करतेस?"

"शुद्धलेखन."

यानंतरचे दिवस वाईट गेले. गवत हिरवंच होतं. बाईंनाच शंका यायला लागली, आपण हुशारीच्या भरात चुकलो तर? अण्णांना कुठे नेणार? रोज सकाळी दार उघडलं की त्या आधी गवताकडे बघायच्या. आठव्या दिवशी गवताचा रंग जरासा उतरला आणि बाईंनी कधी नव्हे ते घोटभर चहा जास्त घेतला. नवव्या दिवशी त्यांनी ब्रश फिरवलेल्या भागावर जुनी चादर अंथरली आणि वर अण्णांची उशी वाळत घातली.

पंधरवडा संपला त्या दिवशी सगळी गल्ली जमली. महाराजांची पावलं बाईंच्या अंगणात लखलखीत पिवळी उमटली होती. लोकांनी हात जोडले. 'चमत्कारावाचून नमस्कार नाही' म्हणतात, इथे तर दोन चमत्कार झाले होते! साहेबांचा चेहरा मात्र उतरलेला होता. बाई घर सोडून जातील हे त्यांनी मनात हजारदा मागितलं असेल, पण दारात चाचपडत उभे असलेले अण्णा दिसले आणि त्यांनी मान खाली घातली.

"भूमीने निकाल दिला!" महाराज म्हणाले. हातात मोजे, शेजारी कॅन, शांतीची पूर्ण तयारी. "आता हे घर सोडावं लागेल."

"सोडते," बाई म्हणाल्या, "पण भूमीचं बोलणं पूर्ण होऊ द्या. ती अर्ध्यावर थांबलेली नाही."

त्यांनी उशी उचलली आणि चादर ओढली. खाली गवतात, महाराजांच्या पावलांच्याच पिवळ्या रंगात, हातभर उंचीची अक्षरं होती:

महाराज, बूट धुवा.

मागे उभे असलेल्यांसाठी विमा एजंटने ते मोठ्याने वाचलं, आणि पहिले हसले ते अण्णा. इतके, की त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"भूमीचं शुद्धलेखन चांगलं आहे हो बाई," विमा एजंट म्हणाला.

"भूमीचं नाही, माझं. ब्रशने लिहिलंय, तणाच्या औषधाने." बाईंनी बाटली वर धरली. "महाराज, तुमचं जल वेगळं असेल तर मोजे काढा आणि एक घोट घ्या."

महाराजांनी कॅनकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं. "आज माझं मौन आहे," ते म्हणाले.

"नकाच घेऊ. ते विष आहे, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर मोजे घातलेत. तुमचे बूट त्यात भिजले, गवताला ते लागलं, गवत दहा दिवसांनी मेलं. साहेबांच्या लॉनवर पाहताक्षणी तुम्ही ते ओळखलंत आणि तीच युक्ती माझ्या अंगणात केलीत."

"पण मग आमच्याकडची पावलं?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे कोण चाललं?"

साहेब एकदम विटांची ओळ निरखू लागले. वहिनींचा संसार चाळीस वर्षांचा. नवऱ्याने विटांकडे पाहिलं की काहीतरी असतं हे त्यांना कळत होतं. त्या आत गेल्या आणि साहेबांचे बागकामाचे बूट घेऊन आल्या. डाव्या बुटाची टाच एका बाजूने झिजलेली होती. त्यांनी तो बूट लॉनवरच्या पहिल्या पिवळ्या पावलावर ठेवला. झिजलेल्या टाचेसकट तंतोतंत बसला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "पहाटे फिरायला जातो म्हणायचात ना?"

साहेब लालबुंद झाले. "मी फक्त त्यांच्या बाजूचं तण मारायला गेलो होतो. विटांना लागून, एवढंसंच. चार दिवस काहीच झालं नाही, म्हटलं औषध नकली! मी दुकानदाराशी भांडलोसुद्धा. मग पावलं दिसली, आणि..." त्यांनी पुन्हा विटांकडे पाहिलं. "मीच घाबरलो हो. रात्री दिवा लावून झोपत होतो."

"स्वतःच्या बुटाला घाबरून!" वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

या गडबडीत महाराज निघून गेले. कॅन राहिला, टब राहिला. मेहुणे त्यांच्यामागे दोन पावलं गेले आणि लाजून परत आले. घरमालक पुढे येऊन म्हणाले, "बाई, त्या फोनचं मनावर घेऊ नका."

"मनावर घेतलंय," बाई म्हणाल्या. "पण घर सोडत नाही."

मग त्या गर्दीकडे वळल्या. त्यांचा आवाज वर्गातला झाला.

"माझ्यावर रागावला होतात तर भांडायचं होतं. तणावरून भांडा, म्हाताऱ्यांवरून भांडा, मी उभी आहे. पण पंधरा दिवस तुम्ही मला चेटकीण समजलात आणि तुमच्यातल्या एकाने, एकानेसुद्धा, आपला बूट त्या पावलावर ठेवून पाहिला नाही. इतकं सोपं होतं ते. चमत्कार दिसला की हात जरूर जोडा, पण त्याआधी खाली वाकून बघा, पाय कोणाचे आहेत."

रस्त्याच्या पलीकडून जाणारी ती आई आपल्या मुलीचा हात धरून पुढे आली आणि म्हणाली, "उद्यापासून पाठवू का हिला?"

"आजच पाठवा," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांचे अपूर्णांक राहिलेत."

ती अक्षरं अंगणात बरेच दिवस होती. लोक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणत. मेलेल्या गवताच्या जागी सगळ्यात आधी काय उगवलं, तर आंबुशी. हळूहळू 'महाराज, बूट धुवा' हिरव्या अक्षरांत वाचता येऊ लागलं. साहेब रोज सकाळी विटांच्या ओळीपाशी येत, त्या तणाकडे पाहत, हात शिवशिवत, आणि निमूट परत जात. जाताना पायरीवर बूट मात्र नीट पुसत.