भुईला न टेकलेली फुलं

“आई, हात लावू नको! पाटी लावलीय बघ.”

तनुजाचा आवाज मागून आला तेव्हा मी वाफ्याच्या कडेला गुडघे टेकून एका लाल फुलाला नाक लावून बसले होते. हात मी लावलाच नव्हता. नाक लावायची मनाई त्या पाटीवर होती की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता. साक्षरतेच्या वर्गात नातवंडांच्या वयाच्या बाईंनी मला शिकवली ती मराठी अक्षरं. इथली अक्षरं माझ्या ओळखीची नव्हती.

“वास न्हाई गं याला,” मी म्हणाले.

“ट्यूलिपला नसतो वास.”

“मग फूल कामून म्हणायचं याला?”

“ऊठ आधी. लोकं बघायलेत.”

लोक बघत होते ते खरं. लुगडं, त्यावर जावयाचं निळं जाकीट आणि पायात तनुजाचे पळायचे बूट. अशी बाई त्या बागेत मी एकटीच असणार. एका पिवळ्या केसांच्या पोरीने तर हसून माझा फोटो काढला. मीही पदर नीट केला.

लातूरला गंजगोलाईत आमचं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक लाकडी फळी आणि वर ताडपत्री. औसा रस्त्याला एक एकर रान, त्यात झेंडू, शेवंती, गलांडा. फुलं खुडायची, हार ओवायचे, विकायचे, यात माझा जन्म गेला. त्यामुळे तनुजाने मला नेदरलँड्सला बोलावून घेतलं आणि ती म्हणाली, “आई, उद्या तुला जगातली सगळ्यात मोठी फुलांची बाग दाखवते,” तेव्हा रात्री मला झोप लागली नाही. लग्नाला निघाल्यासारखी मी सकाळी तयार होऊन बसले होते.

बाग सुंदर होती. खोटं कशाला बोलू? लाल, जांभळी, पांढरी, काळपट फुलं, नदी वाहावी तशी झाडांच्या मधून वळत गेलेली. एका ठिकाणी तर निशिगंधापेक्षा दाट वासाच्या निळ्या फुलांचा असा भपकारा आला की मी तिथेच थांबून राहिले. पहिल्यांदा मी एकेक फूल बघितलं. मग एकेक वाफा. मग नुसते रंग दिसायला लागले आणि नंतर तेही दिसेनात. पंगतीत आग्रह करकरून वाढत राहावं आणि आपण ताटावर हात आडवा धरावा, तसं माझ्या डोळ्यांचं झालं.

एका बाकावर मी बसले. जावई, वैजनाथराव, कॉफी घेऊन आले. हे मूळचे उदगीरचे. दोघंही नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकली, तिथेच जमलं.

“कसं वाटलं, आत्याबाई?”

“लई चांगलं हाय. पर एवढ्या फुलांचं करत्यात काय?”

“काही नाही. बघतात.”

“देवाला?”

“नाही.”

“लग्नाला, मयताला?”

“ही नुसती बघायची फुलं आहेत.”

बघायला काही पैसे पडत नाहीत असं म्हणणार होते, पण तिकिटाच्या रांगेत आम्ही उभे राहिलो होतो ते आठवलं.

माझ्या मनात मात्र दुसरंच काही चालू होतं. उद्या अक्षय तृतीया होती. गेलेल्या माणसांना जेवू घालायचा दिवस. मातीच्या केळीत, म्हणजे छोट्या घड्यात, पाणी भरायचं, पुरणपोळी आणि आमरसाचं ताट दाखवायचं आणि फोटोला हार घालायचा. मालक, म्हणजे तनुजाचे बाबा, गेल्यापासून त्यांचा हार माझ्या हातचा असतो. त्यातही आमच्या घरात सासऱ्यांपासून एक रीत आहे. फुलवाल्याने घरच्या माणसाला विकतचं फूल घालायचं नाही. आपल्या हाताने खुडायचं आणि भुईला टेकू द्यायचं नाही. सासरे गेले तेव्हा मालक पाण्याचा टिपूस नसलेल्या उन्हात रान पालथं घालून ओंजळभर गलांडा घेऊन आले होते, पण शेजारच्या दुकानातून हार आणला नाही.

लातुरातून निघताना मी तनुजाला फोनवर विचारलं होतं, “अक्षय तृतीयेचं कसं करायचं?” ती हसली होती. “आई, मी तुला फुलांच्या देशात बोलवायले अन् तू फुलाची काळजी करायलीस?”

आता फुलांच्या देशात मी बसले होते आणि एकही फूल खुडायची सोय नव्हती.

“संध्याकाळी दुकानातून ट्यूलिपच्या दोन जुड्या घेऊ,” तनुजा म्हणाली. माझ्या मनातलं तिला कळत होतं.

“विकतचं?”

“आई, एवढ्या बारीला चालतंय.”

“तुझ्या घरात फोटोला हार हाय तो बी चालतंयच की.”

हे मी बोलायला नको होतं. आल्या दिवशीच मी बघितलं होतं, तनुजाने बाबांच्या फोटोला प्लास्टिकच्या झेंडूचा हार घातला होता. चांगला, धुता येणारा. गंजगोलाईत आमच्या समोर प्लास्टिकच्या हारांचं दुकान निघालं तेव्हापासून मालक त्या बाजूला तोंड करून चहा प्यायचे नाहीत. तनुजाला ते ठाऊक होतं. पण इथे रोज ताजा हार कुठून आणणार ती? तिचा चेहरा उतरला. ती कॉफीचा कागदी कप हातात फिरवत राहिली.

“मला काय हौस हाय का गं?” ती म्हणाली. लातूरची बोली तिच्या तोंडात राग आला की पुरती परत येते. “मोकळा फोटो बघवंना गेला. मग आणला.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. परतीला गाडीत बसलो तेव्हा माझे पाय भरून आले होते आणि जीवही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्यूलिपची शेतं लागली. पट्टे ओढल्यासारखी. एका शेतात एक यंत्र चाललं होतं आणि त्याच्या मागे लाल पट्टा हिरवा होत होता. मी काचेला नाक लावलं. यंत्र फुलांची मुंडकी छाटत होतं. नुसती मुंडकी. ती सरींमध्ये पडत होती, ढिगाने.

“थांबवा, थांबवा गाडी!”

वैजनाथरावांना वाटलं मला उलटी होतेय. त्यांनी कडेला गाडी घेतली.

शेत आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा चर होता, त्यावर फळीचा पूल. पलीकडे एक म्हातारा यंत्रातून सुटलेली फुलं हाताने मोडत सरीतून चालत होता. उंच, वाकलेला, रबरी बूट घातलेला. आम्हाला बघून त्याने हात हलवून शेतात येऊ नका असं सांगितलं. रोज फोटोवाले तुडवत असणार. वैजनाथरावांनी लांबूनच त्याला इंग्रजीत विचारलं आणि मला सांगितलं, “फूल ठेवलं तर जोर फुलात जातो म्हणतात. काढलं की खालचा कांदा फुगतो. यांना कांदा विकायचाय.”

“म्हणजे डेंगळे मोडायलेत की!” मी म्हणाले.

आमच्याकडे कांद्याला फुलाचा दांडा निघाला की असाच मोडून टाकतात. सकाळपासून परक्या वाटणाऱ्या त्या मुलखात मला पहिल्यांदा काहीतरी कळलं. मघाशी छाटलेली फुलं बघून वाईट वाटलं होतं, तेही निवलं. दसऱ्याच्या संध्याकाळी भाव पडला की गंजगोलाईत झेंडूचे ढीग रस्त्यावर टाकून शेतकरी निघून जातात. इथे निदान कांद्याला तरी जोर येतो.

“जावईबापू, इचारा त्याला. फुलं देतो का थोडी?”

म्हाताऱ्याने लगेच वाकून सरीतली ओंजळभर फुलं उचलली आणि फळीवरून पुढे आला. मी दोन पावलं मागे सरले.

“आई, घे ना!” तनुजा दबक्या आवाजात म्हणाली. “तू मागितलीस अन् तूच मागे होतीस.”

“भुईवर पडलेली हायेत ती. तुझ्या बाबाला घालू?”

“अगं, पारिजातक पडलेलाच घेतात की.”

“पारिजातकाची गोष्ट येगळी. अन् मी त्याच्या बी खाली धोतर अंथरायची.”

म्हातारा फुलं धरून उभाच होता. त्याला वाटलं असणार, बाईला रंग आवडला नाही. मग मी जाकिटाची चेन खाली ओढली, आतला पदर बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर पसरला. उभ्या फुलाकडे बोट दाखवलं, मग माझ्या अंगठ्याने हवेतच फूल मोडून दाखवलं, मग पदर.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग वैजनाथरावांना काही विचारलं.

“कशाला पाहिजे विचारतायत.”

“सांगा, माझ्या मालकासाठी. उद्या त्यांचा दिवस हाय.”

वैजनाथरावांनी सांगितलं. म्हाताऱ्याने मागे वळून हातातली फुलं सरीत टाकली. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. बाजूला सरकून मला फळीवरून यायला वाट दिली.

कडेची एक सर त्याने मला दाखवली. मी पहिलं फूल ओढलं तर अख्खं रोप हलून वर आलं. त्याने जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं. अगदी माझ्या सासूसारखं. मग अंगठा देठामागे लावून, कसं बाजूला वाकवायचं ते दाखवलं. टक् असा आवाज झाला आणि फूल माझ्या पदरात पडलं. दुसरं मी मोडलं. टक्. पुढची मीच मोडली, दोन बोटं देठ ठेवून. तो समोरच्या सरीतून माझ्याबरोबर चालत होता आणि त्याची फुलं मात्र खालीच टाकत होता. एक मध्येच त्याने चांगलं निवडलं, माझ्या पदराजवळ हात आणला आणि थांबला. मग माझ्याकडे बघून ते झाडावरच सोडलं. ते मी खुडलं.

“तुमचे मालकही फुलं पिकवायचे का, विचारतायत,” वैजनाथराव रस्त्यावरून ओरडले.

“हाव म्हणावं. झेंडू.”

म्हाताऱ्याने मान हलवली, जशी एखाद्या ओळखीच्या गावाचं नाव ऐकून हलवतात. तनुजा फळीवर उभी राहून रडत होती का हसत होती, मला लांबून कळलं नाही.

घरी आल्यावर हाराला बसले तर घरात दोरा नव्हता. तनुजाने दातांत घालायचा दोरा आणून दिला. पांढरा, गुळगुळीत, पुदिन्याचा वास येणारा.

“वासाची फुलं न्हाईत तर न्हाईत, वासाचा दोरा तर हाय,” मी म्हटलं. तनुजा किती दिवसांनी खळखळून हसली.

झेंडूसारखी फुलाच्या काळजातून सुई घातली तर ट्यूलिपच्या पाकळ्या सुटून मांडीवर आल्या. दोन-तीन फुलं अशी वाया गेली. मग सुई ठेवून दिली आणि देठांना गाठी मारत हार गुंफला. तो थंडीला बाल्कनीत ठेवला. रात्रीचे नऊ वाजत आले तरी बाहेर ऊन होतं. त्या उन्हाची मला तिथे असेपर्यंत सवय झाली नाही.

सकाळी उठून बघते तर सगळी फुलं घट्ट मिटलेली.

“अगं बया,” तनुजा म्हणाली, “कळ्या झाल्या की परत.”

माझं मन खट्टू झालं. थंडी बाधली असेल. हार नव्हे, मुठी वळलेल्या पोरांची रांग दिसत होती. पण फुलं माझ्या हाताने खुडलेली होती आणि भुईला टेकलेली नव्हती. तनुजाने स्वतः प्लास्टिकचा हार काढून खणात ठेवला आणि मी मिटलेला हार मालकांच्या फोटोला घातला.

केळीसाठी वैजनाथराव बाजारातून मातीचं भांडं घेऊन आले होते. पाणी घातलं तर तळातून धार लागली. झाडाची कुंडी होती ती. जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पुरणपोळीच्या कणकेचा गोळा भोकात दाबून बसवला. पाणी राहिलं. डब्यातला आमरस, पुरणपोळी, भात, सगळं मांडून आम्ही तिघं हात जोडून बसलो.

खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि भिंतीवर फोटोपर्यंत पोचलं होतं. डोळे उघडले तेव्हा आधी मला खरं वाटलं नाही. वरचं एक फूल सैल झालं होतं. मग त्याच्या शेजारचं. आम्ही जेवून उठेपर्यंत हारातलं प्रत्येक फूल ताटलीसारखं उघडलं होतं आणि मध्ये मालक, लग्नातल्या फोटोत दिसतात तसे, जरासे घाबरलेले.

दुकानात रोज पहाटे ते फुलांवरचं ओलं गोणपाट काढायचे आणि फुलांनाच म्हणायचे, “उठा, गिऱ्हाईक आलं.” रात्री परत झाकायचे. “झोपा आता.” मला त्याचं हसू यायचं. फुलांना काय कळतंय?

दिवसभर हार तसाच होता. तनुजा येता-जाता फोटोपुढे थांबायची. मी लुगडं धुवायला काढलं, तर ट्यूलिपची काळी पूड पदरावर चिकटली होती. झेंडूचा डाग पिवळा असतो. हा दोनदा घासला तरी निघाला नाही. राहू दिला.

संध्याकाळी गारवा आला. खिडकी लावायला गेले तेव्हा फुलं एकेक करून मिटायला लागली होती. तनुजा स्वयंपाकघरात होती. मी फोटोजवळ उभी राहिले आणि शेवटचं फूल मिटेपर्यंत थांबले.

“झोपा आता,” मी म्हटलं.