चारशे सतराचा शेवट

"कुणाला खरं वाटायचं नाय, पण ह्या वाचनालयातली अकराशे बावन्न पुस्तकं एका माणसानं वाचली, आन् तो एकदाबी ही पायरी चढला नाय," भिवाजीने सांगितलं आणि हातातलं पुस्तक फडक्याने एकदा उलटं, एकदा सुलटं झटकलं.

"नायच वाटत," कमळ्या म्हणाला.

कमळ्याचं गॅरेज चौक गावच्या नाक्यावर होतं. गाडी नसली की तो वाचनालयाच्या ओट्यावर येऊन बसायचा. ग्रीसच्या हातांनी पुस्तकाला शिवायचं नाही अशी भिवाजीची सक्त ताकीद होती. म्हणून भिवाजीने पुस्तक समोर उघडून धरायचं आणि कमळ्याने "पलट" म्हणायचं, असा दोघांचा जुना करार होता. अशी कमळ्याची नऊ पुस्तकं झाली होती.

"कोंडाण्याचा माणूस. वर्गणीदार नंबर सोळा," भिवाजी पुढे म्हणाला. "लेण्यात बसून वाचायचा. आत अंधार, तर बायकोला भायेर उन्हात परात धरून हुबी करायचा. परातीवरून ऊन आत, ते नेमकं पानावर. बायकोनं पाय बदलला की ह्याची वळ चुकली."

"आन् ती काय करायची? नुसती परात धरायची?"

"नुसती कशाला? हा मोठ्यांदा वाचायचा, ती ऐकायची. एक डाव बिबट्या येऊन बसला. गुमान तीन प्रकरणं ऐकलीन, चौथ्याला उठून गेला. बिबट्याचं काय चुकलं नाय, कमळ्या. ते प्रकरण मीबी गाळलं व्हतं."

"ही बिबट्याची हकीकत नंबर सोळानं मला कधी लिहिली नाही," पायरीशी चपला काढत आनंदीबाई म्हणाल्या.

आनंदीबाई सरकारी दवाखान्यातल्या नर्स. एकवीस वर्षं चौकात काढून परवाच निवृत्त झाल्या होत्या. एकच्या एसटीने कर्जत, तिथून रेल्वेने नाशिक, तिथे भाचीच्या घरी कायमच्या, असा बेत ठरला होता. सामान दवाखान्याच्या व्हरांड्यात बांधून ठेवलेलं होतं. हातात फक्त पिशवी आणि शेवटचं पुस्तक.

"जमा करून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि मला एक सांगा, भिवाजी. कर्जतहून कोंडाण्याला जायला काय मिळतं?"

"कोंडाण्याला? कशाला, बाई?"

"कशाला म्हणजे? एकवीस वर्षं त्या माणसाशी पुस्तकांवरून भांडले मी. त्याला बघितल्याशिवाय जाऊ? भाचीकडे एक दिवस उशिरा पोचेन, काही बिघडत नाही."

भिवाजीच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. कारण कोंडाण्यात असा माणूसच नव्हता. नंबर सोळा भिवाजी स्वतःच होता, आणि ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

वाचनालय एकोणसाठ साली उघडलं तेव्हा दोन कपाटं, एक टेबल, एक घड्याळ आणि एक शिपाई एवढाच त्याचा संसार. शिपाई भिवाजी, सातवी पास. त्याचा बाप शाळेच्या ओट्याखाली उन्हात उभा राहून पाढे ऐकलेला माणूस. मुलाला वाचनालयाची किल्ली मिळाली त्या दिवशी घरात ती आधी बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवली होती, आणि बापाने शेजारीपाजारी बोलावून दाखवली होती.

पण लोक यायचे ते वर्तमानपत्राला. पुस्तकं जागची हलत नव्हती. अध्यक्षांनी सांगून टाकलं, पावसाळ्यापर्यंत असंच राहिलं तर खोली रेशन दुकानाला देऊ. भिवाजी तोवर धूळ झटकता झटकता निम्मं कपाट वाचून बसला होता. त्याच्याने राहवेना. एकदा हेडमास्तर पेपर वाचत असताना तो जवळ जाऊन म्हणाला, "गुरुजी, चारशे सतरा नंबरचं न्या. लई चांगलं हाय."

हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू धूळ झटक, भिवा."

रागाने नाही, अगदी सहज. म्हणून तर ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी, अक्षर कुणी ओळखू नये म्हणून, भिवाजीने पेन डाव्या हातात धरलं आणि कागदाच्या चतकोरावर लिहिलं: "चारशे सतरा वाचले. ज्याला पोरीचे लग्न ठरवायचे आहे त्याने आधी हे वाचावे, मग सोयरीक बघावी. कोंडाणेकर, व. नं. १६." चिठ्ठी शेवटच्या पानावरच्या पाकिटात सरकवली आणि पुस्तक कपाटात दोन बोटं पुढे काढून ठेवलं. हेडमास्तरांची थोरली लग्नाची होती. त्याच संध्याकाळी त्यांनी चारशे सतरा घरी नेलं. आठ दिवसांनी परत आलं तेव्हा चिठ्ठीखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात ओळ होती: "सहमत. मात्र नायिकेचा मामा पटत नाही."

मग जे सुरू झालं ते भिवाजीलाही आवरेना. पुस्तकांना नावं असतात हेच चौक विसरला, सगळे नंबराने बोलायला लागले. मोहोपाड्याच्या कारखान्यातली माणसं सुट्टीच्या दिवशी पुस्तकं बदलायला यायची आणि आधी पाकीट उघडून चिठ्ठ्या वाचायची. एकाने लिहावं, दोनशे अकरा म्हणजे झोपेचं औषध; दुसऱ्याने खाली लिहावं, तुमची झोप तुम्हाला लखलाभ. एका महाशयांनी रहस्यकथेच्या चिठ्ठीत खुन्याचं नावच लिहून टाकलं. भिवाजीने ती चिठ्ठी फाडली आणि पुढले तीन महिने त्यांना ऊस-लागवडीखेरीज दुसरं पुस्तक सापडू दिलं नाही. रेशन दुकान दुसरीकडे गेलं. पुस्तक नेण्याआधी लोक विचारायचे, "कोंडाणेकर काय म्हणतो?" तो कोण, कसा, हे विचारलं की भिवाजी सांगायचा, मंगळवारी दूधवाल्याबरोबर पुस्तकं वर जातात. समितीने एकदा वार्षिक समारंभाला नंबर सोळाला पाहुणा म्हणून बोलावलं. तेव्हा त्याला खोकला झाला.

त्रेसष्ट साली आनंदीबाई आल्या, नंबर चौपन्न. त्या औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायच्या, आणि नंबर सोळाशी त्यांचं एकाही पुस्तकावर जमलं नाही. "तुम्हाला रडकी पुस्तकं का आवडतात? दवाखान्यात येऊन बसा, फुकट रडायला मिळेल," असं त्यांनी पहिल्याच चिठ्ठीत विचारलं होतं. भिवाजी त्याचं उत्तर चार दिवस घोळवत राहिला. गावात तापाची साथ आली की बाईंची चिठ्ठी उशिरा यायची, आणि भिवाजी पाकिटं उगीच दोनदा तपासायचा. टेबलापाशी मात्र दोघांत एवढंच बोलणं: "शिक्का मारा." "मारला, बाई."

सदुसष्टच्या पावसाळ्यात वाळवीने चारशे सतराची शेवटची सोळा पानं खाल्ली. पुस्तक नेमकं बाईंकडे गेलं. त्यांची चिठ्ठी आली: "नंबर सोळा, तुम्ही वाचलंय. पुढे काय होतं ते लिहून पाठवा." पुढे काय होतं ते भिवाजीला पाठ होतं. पुस्तकातली नायिका डोहावर जाते आणि परत येत नाही. पण त्याच आठवड्यात दवाखान्यात एक बाळंतीण आनंदीबाईंच्या हातावर गेली होती आणि बाई तीन दिवस खोलीबाहेर आल्या नव्हत्या. भिवाजी डाव्या हातात पेन धरून बसला, पण डोहाचं त्याच्याने लिहवेना. शेवटी त्याने चार पानं लिहिली. त्यात ती डोहावर जाते, पाय धुते, पाणी गार लागतं म्हणून मागे वळते, आणि पुढे तालुक्याच्या पोस्टात टेबलामागे बसून तिकिटं विकते.

ती पानं दवाखान्याच्या शिपायाबरोबर बाईंच्या खोलीवर गेली. चौथ्या दिवशी बाई कामावर गेल्या. पुस्तकाच्या पाकिटात एकच ओळ होती: "बरं झालं."

"भिवाजी, मी विचारलं काहीतरी," आनंदीबाई म्हणाल्या.

भिवाजीने फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. कोंडाण्याला जाऊन बाईंनी घरोघर विचारायचं, आणि लोकांनी माना हलवायच्या. एकवीस वर्षं मी कुणाशीच बोलले नाही, असं मनात धरून बाईंनी रेल्वेत बसायचं. त्यापेक्षा माणूस मेलेला बरा.

"नका जाऊ, बाई," तो म्हणाला. "नंबर सोळा गेला. आठ दिस झाले."

"आरं भिवाजी," कमळ्या म्हणाला, "आत्ता तर त्याची बायको परात धरून हुबी व्हती."

"ती जुनी गोष्ट, कमळ्या. गप बस." भिवाजीचा आवाज खाली आला. "तापानं गेला. दोन दिसांत. सकाळी म्हणाला, परात धर गं, थोडं वाचू. ती उन्हात हुबी राह्यली. ऊन पानावर पडलं, पण पान काय पलटंना. तिला वाटलं, वाचतोय. दुपार टळंस्तवर ती परात धरून व्हती, बाई."

कमळ्या आपल्या काळ्या नखांकडे बघत राहिला.

आनंदीबाई बाकावर टेकल्या. "कुठलं पुस्तक होतं हातात?"

"चारशे सतरा."

"सबंध प्रत?"

"हां. त्यानं कुठनं तरी मिळवली व्हती."

"मलाही मिळाली होती एकदा," बाई म्हणाल्या. "एकोणसत्तर साली महिनाभर पनवेलला बदलीवर होते. तिथल्या वाचनालयात सबंध होतं. ती बाई डोहातून परत येत नाही, भिवाजी."

भिवाजीने डावा हात टेबलावर टेकवला.

"कोन बाई?" कमळ्याने विचारलं.

"पोस्टात तिकिटं विकणारी. ती पुस्तकात नाहीच. तिचं टेबल मात्र मला चांगलं आठवतं. त्या चार पानांत लिहिलं होतं, टेबल डुगडुगायचं, म्हणून एका पायाखाली वहीच्या निळ्या पुठ्ठ्याची घडी सारलेली, आणि शिक्का मारताना ती डाव्या हातानं टेबल दाबून धरायची."

कमळ्या वाकला. वाचनालयाच्या टेबलाच्या मागच्या पायाखाली निळ्या पुठ्ठ्याची घडी होती, वर्षानुवर्षांच्या दाबाने पापडासारखी झालेली. भिवाजीचा डावा हात टेबलावर होता. तो त्याने उचलला, आणि टेबल एकदा डुगडुगलं.

"पंधरा वर्षं झाली मला कळून," आनंदीबाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर चिठ्ठ्या बंद झाल्या असत्या. आज विचारलं, तर तुम्ही त्याला मारून मोकळे झालात."

त्यांनी पिशवीतून एक पाठकोरी चिठ्ठी काढली. ती पाकिटात घातली नाही. सरळ त्याच्यासमोर ठेवली. वर नाशिकचा पत्ता होता. मग आपलं पेन काढून त्यांनी ते टेबलावर, त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं.

"चौतीस वर्षं नर्स होते मी, भिवाजी. मेलेला माणूस मला ओळखता येतो. नंबर सोळा मेलेला नाही. माझ्यासमोर बसून खोटं बोलतोय."