पडद्यापुरत्या चुका

"नळाला टी लावतात ना आम्रपाली, तशीच संगणकाला द्यायची ही आज्ञा. धार एकच, पाणी दोन्हीकडे. पडद्यावर दिसतं तेच फायलीतही उतरतं."

मच्छिंद्रदादाचा तो पहिल्या वर्षीचा आवाज तिच्या कानात अजून ओला होता. वर्ध्याहून नवी आलेली ती, आणि कोथरूडच्या त्या कंपनीत गावाकडचं बोलणारा तो एकटा. परमुलखात माहेरचं पाखरू भेटावं तसं झालं होतं तिला.

एका दवाखान्याच्या नोंदींची प्रत काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, ती रोज संध्याकाळी चालवायची. काय झालं, काय चुकलं याच्या ओळी पडद्यावर झरायच्या, फायलीत साचायच्या. दर सोमवारी दोघांच्या वरिष्ठ सत्यशीला मॅडम ती फाईल वाचायच्या.

दिवाळीआधी प्रतींची डिस्क भरली. नवी मागवायला दादा विसरला होता. त्याने स्क्रिप्ट उघडली आणि चुकांच्या ओळींची फायलीकडे जाणारी वाट तेवढी कापली. साध्या ओळी दोन्हीकडे, चुका पडद्यापुरत्या.

"डिस्क आली की जोडतो परत. मॅडमच्या कानावर कशाला? तू बघतेसच, मला सांगत जा."

ती सांगत गेली. "दादा, आजही जागा नाही म्हणून राहिलं."

"येऊन राहिली गं डिस्क."

डिस्क आली नाही. दवाखान्याचा सर्व्हर मात्र बंद पडला. नोंदी परत मागितल्या गेल्या, आणि डिस्क भरल्यानंतरची एकही प्रत निघाली नाही.

मॅडमनी छापलेली फाईल टेबलावर सरकवली. "फाईल बघा, गंगेत न्हाऊन आल्यासारखी. पडद्यावर काय चालू होतं मग? मालिका?"

दादा चष्मा पुसत राहिला. "पडद्यासमोर आम्रपाली बसते, मॅडम. मला ती काही बोलली नाही. तरुण मुली घाबरतात, लपवतात."

ज्या झाडाखाली ऊन टाळलं, त्यानेच अंगावर फांदी टाकावी, तसं झालं. "बाहेर थांबा जरा," मॅडम दोघांना म्हणाल्या.

बाहेर दादा हळूच बोलला, "माझ्या पदरी दोन पोरी आहेत. तू एकटा जीव, कुठंही लागशील. एका मातीची माणसं आपण. सांभाळून घे."

त्याच्या डब्यातली भाजी तिने कितीदा खाल्ली होती. त्याच्या धाकटीच्या बारशाचा पाळणा तिने आपल्या हातांनी सजवला होता.

आतून हाक आली. दोघं आत गेले. मॅडमच्या पुढ्यात आम्रपालीला कामावरून काढल्याचा कागद होता, सही व्हायची राहिली होती.

"काही म्हणायचंय?"

दादा खिडकीबाहेर बघत होता. आम्रपालीने ओढणी सारखी केली.

"चुका मला रोज दिसत होत्या, मॅडम. रोज मी मच्छिंद्र सरांना सांगत होते. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं सर म्हणाले. म्हणून मी गप्प बसले."